स्वस्त घोड्याची पारख

घोडा स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचे कारण तीन ठिकाणी असू शकते: घोड्याच्या अंगात, विकणाऱ्याच्या अडचणीत किंवा गिऱ्हाइकांच्या समजुतीत. हे ठिकाण शोधणे म्हणजे पारख. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास मोठा घोडेबाजार भरतो. तिथे प्रस्तुत लेखकासमोर एक कुमैत मारवाडी घोडी आली. सांगितलेला भाव 45 हजार. शेजारच्या दावणीला तशाच बांध्याच्या घोडीचे सव्वा लाख मागत होते.

बाजार उठायच्या वेळी उतरलेला भाव सर्वांत निर्धोक. लांबून आलेल्या व्यापाऱ्याला उरलेली जनावरे ट्रकने परत नेणे परवडत नाही आणि त्यात जनावराचा काही दोष नसतो. ही घोडी मात्र बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी स्वस्त होती.

विकणाऱ्याने कारण आपणहून दाखवले: डाव्या डोळ्याखाली भोवरा. अश्वलक्षणांच्या जुन्या परंपरेत गळ्यावरचा देवमण शुभ, तर डोळ्याखालचा भोवरा अशुभ. जिथून आसवे ओघळतात तिथे भोवरा असलेला घोडा धन्याला रडवतो, असा समज. केसांच्या वळणाचा घोड्याच्या दमाशी किंवा चालीशी संबंध नाही. तोटा एवढाच, की पुढे विकताना आपल्यालाही तोच पडता भाव मिळतो. समजुतीमुळे स्वस्त झालेला घोडा म्हणजे खरी संधी, पण विकणारा असा दोष स्वतः दाखवतो तेव्हा गिऱ्हाईक समाधान पावून पुढचे शोधायचे थांबते. लेखकही जवळपास थांबला होता.

वय दातांवरून कळते. खालच्या जबड्यातल्या पुढच्या सहा दातांपैकी मधली जोडी अडीच, लगतची साडेतीन आणि कोपऱ्यातली साडेचार वर्षांच्या सुमारास बदलते. मग दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे त्याच क्रमाने झिजत जातात आणि आठव्या वर्षापर्यंत बहुधा नाहीसे होतात. त्यापुढे अंदाजच. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. म्हातारा घोडा तरुण दाखवण्यासाठी काही जण दातांत खळगे कोरून काळे करतात, पण खाच कोणाला पुसता येत नाही. या घोडीचे वय सहा सांगितले होते. खाच दाताच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरलेली होती, म्हणजे घोडी तेराच्या आसपास. तेरा वर्षांची घोडी काही निकामी नसते. सहा सांगितलेली तेरा वर्षांची घोडी मात्र पुन्हा पायापासून पाहावी लागते.

पाय पाहायची जागा महत्त्वाची. नदीकाठच्या मऊ मातीत अनेक लंगड्या जनावरांची चाल झाकली जाते, म्हणून घोडा कडक, सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, दोरी सैल सोडून दुडक्या चालीने पळवावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. दोरी आखडून धरली की ही मानेची हालचाल दिसत नाही. काही विकणारे ती मुद्दाम तशी धरतात. फेरफटका मारून अंग मोकळे झाले तर थोडे लंगडणे निघूनही जाते, तेव्हा घोडा सकाळी दावणीवरून सुटताच पाहिलेला बरा. फेनिलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकाने लंगडणे काही काळ लपवता येते. त्यावर उपाय म्हणजे अगोदर न सांगता दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाणे.

पहिल्या दिवशी घोडी व्यवस्थित पळाली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर डावा पुढचा पाय टेकताना तिचे डोके वर जात होते. नळीमागची शीर हाताला जाड आणि कोमट लागली.

बाकीची तपासणी लवकर होते. विश्रांतीत घोड्याचा श्वास मिनिटाला 8 ते 16 आणि नाडी 28 ते 44 असावी. पुढच्या दातांच्या कडा घासलेल्या असतील तर गव्हाण दातांत धरून वारा गिळण्याची खोड असू शकते. खालचा ओठ लोंबत असेल, डोळे पेंगत असतील तर गुंगीच्या औषधाचा संशय घ्यावा. ग्लँडर्सचा रक्ततपासणी अहवाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावे लागते.

खर्चाचा हिशेब किमतीवर अवलंबून नसतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे 7 किलो सुका चारा-दाणा लागतो, नालबंदाला दर 6 ते 8 आठवड्यांनी बोलवावे लागते, आणि 45 हजारांची घोडी सव्वा लाखाच्या घोडीपेक्षा कमी खात नाही. लेखकाला रपेटीसाठी घोडी हवी होती, सौदा मोडला.

बाजाराच्या शेवटी एका पैदासकाराने तिला 28 हजारांना घेतले. तिला पळवून पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याने पशुवैद्याकडून तिचे गर्भाशय तपासून घेतले, पूर्वी किती शिंगरे झाली ते विचारले आणि ट्रकची फळी खाली सोडायला सांगितली.