वर्धेकांठचा फिरता संधाता

चंद्रपुराकडे जाणारे बहुतेक प्रवासी ताडोब्याचा वाघ पाहावयास जातात, आणि वाघ दिसला कीं समाधानानें परततात. कांहीं भाविक महाकालीचें दर्शन घेतात. कोणी इतिहासप्रेमी गोंड राजांचा परकोट पाहतो. परंतु ज्या कोळशावर आपल्या घरांतील दिवे लागतात, तो ज्या भूमींतून निघतो तिच्याकडे मुद्दाम पाय वळविणारा मनुष्य विरळाच. गेल्या वैशाखांत मला घुग्घुस व वणी या भागांत आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें तें घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून वाचण्याजोगें आहे, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

नागपुराहून निघालेला रस्ता जाम, वरोरा, भद्रावती असा चंद्रपुरास जातो. १९६४ पर्यंत या गांवाचें नांव चांदा असें होतें, व जुनीं माणसें अद्यापि तेंच नांव घेतात. वाटेंत भद्रावतीस विजासनचीं बौद्ध लेणीं आहेत. तीं पाहून मी पुढें गेलों. घुग्घुस वर्धा नदीच्या पूर्वेस. नदी ओलांडली कीं यवतमाळ जिल्हा लागतो व पुढें वणी. या टापूंत शिरतांच काळ्या कपाशीच्या जमिनींतून एकाएकीं टेकड्या उठलेल्या दिसतात. नवख्याला त्या डोंगराच्या रांगा वाटतील. परंतु त्या मनुष्यानें रचलेल्या आहेत. कोळसा गांठण्यासाठीं त्यावरील माती व वालुकाश्म काढून जे ढीग घातले, तेच हे डोंगर! एका उंचवट्यावरून दूरची उघडी खाण दिसली. वर काळी माती, खालीं पिंवळसर थर, त्याखालीं तांबूस दगड, आणि तळाशीं २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा झालेला कोळसा. तळाशीं फिरणारीं अजस्र यंत्रें वरून मुंगळ्यांसारखीं भासत होतीं.

आतां माझ्या जाण्याचें कारण सांगितलें पाहिजे. माझ्या चुलत पुतण्याच्या मुलानें यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेतली. पुण्यास खुर्चीची नोकरी चालून आली असतां ती न धरतां तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डिंग शिकला, आणि एक जुनी मालगाडी घेऊन तींत सारें सामान बसवून, जेथें यंत्र मोडेल तेथें जाऊन तें सांधण्याचा धंदा करूं लागला. तीन वर्षांनीं त्याला दुसरी गाडी घ्यावयाची होती, व त्यासाठीं वडिलार्जित शेताच्या विक्रीचे पैसे त्यानें घरांत मागितले. घरांत दोन तट पडले. त्याच्या आजोबांचें म्हणणें, चार पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरानें शेत विकून धूर विकत घ्यावा काय? आजीचा आक्षेप निराळा व अधिक खरा होता: पोराचे डोळे जातील. शेवटीं "तुम्ही प्रत्यक्ष पाहून या आणि काय तें सांगा" अशी कामगिरी माझ्याकडे आली.

सरकारी प्रशिक्षण संस्थांच्या मराठींत वेल्डरला 'संधाता' म्हणतात. फळ्यावर संधि सोडविण्यांत माझा जन्म गेला असल्यामुळें हा शब्द ऐकून मला जुना स्नेही भेटल्याचा आनंद झाला. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील पहिल्याच सूक्तांत हा शब्द इंद्राला लाविलेला आहे. बंधनावांचून सांधा जोडणारा व मोडलेलें पुन्हा नीट करणारा, असें तेथें त्याचें वर्णन आहे. खिळा नाहीं, दोरी नाहीं, आणि तरीहि दोहोंचें एक! वेल्डिंगची याहून नेमकी व्याख्या करणें कठीण.

पहिल्या दिवशीं आम्ही वणीकडील एका रस्त्याच्या भरावाच्या कामावर गेलों. तेथें एक पोकलेन मोडून पडलें होतें. पोकलेन हें मूळ एका फ्रेंच कारखान्याचें नांव. पण आपल्याकडे माती उपसणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राला, तें कोणीहि केलेलें असो, हेंच नांव पडलें आहे. वीस टन वजनाचा हा प्राणी लोखंडी पट्ट्यांवर रांगतो. त्याला दुरुस्तीस न्यावयाचें तर आधीं त्याला वाहून नेणारी मोठी गाडी हवी. तें थांबलें कीं त्याच्या भरवशावर उभे असलेले डंपरहि थांबतात. म्हणून येथें रोगी वैद्याकडे जात नाहीं. वैद्यच रोग्याच्या दारीं येतो.

यंत्राच्या आर्मला, म्हणजे ज्याच्या टोकाशीं बकेट असतें त्या लोखंडी बाहूला, वीतभर चीर पडली होती. ती मला केसासारखी बारीक दिसली. मुकादम म्हणाला, "भाऊ, वरून दोन रॉड मारून द्या नं, दहा मिनिटांचं काम!" मुलानें कांहींच उत्तर न देतां बकेट जमिनीवर टेकवावयास सांगितलें, इंजिन बंद करविलें, तेलाचा दाब सोडविला व बॅटरीच्या तारा सोडल्या; कारण या यंत्रांच्या पोटांत आतां नाजूक विद्युत्-उपकरणें असतात. नंतर त्यानें अर्थिंगचा चिमटा चिरेच्या अगदीं जवळ, त्याच भागावर लाविला. चिमटा दूर लाविला तर वीज परतीची वाट शोधतांना पिना व बुशांमधून जाते, तेथें ठिणग्या उडतात, आणि एक दुखणें बरें करतांना दुसरें जडतें.

पुढें चिखल व ग्रीस खरवडून त्यानें चिरेवर लाल द्रव फवारला, पुसून काढला व त्यावर पांढरा लेप मारला. क्षणभरांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, आणि ती आम्हांस दिसलेल्या चिरेहून चार बोटें लांब निघाली! त्या रेघेच्या खऱ्या टोकांशीं त्यानें एक एक छिद्र पाडलें. चिरेचें टोक सुईसारखें तीक्ष्ण असतें व सारा ताण तेथेंच एकवटतो. गोल छिद्रांत तो पसरतो व चीर पुढें धांवत नाहीं. मग त्यानें कर्बाच्या कांडीनें व हवेच्या झोतानें ती चीर मुळापर्यंत कोरून काढली. केसाएवढ्या रेघेची अंगठ्याएवढी खाई झालेली पाहून मुकादमानें कपाळाला हात लाविला. परंतु किडलेला दांत कोरल्यावांचून त्यांत चांदी भरणारा दंतवैद्य आपण शहाणा समजूं काय?

लोखंड उन्हानें इतकें तापलें होतें कीं त्यावर हात ठेववेना. मी म्हणालों, "बाळ, तुझें निम्में काम सूर्यनारायणानेंच केलें आहे." तो हंसून म्हणाला, "आजोबा, उन्हानें साठ अंशांपर्यंत येईल. मला सव्वाशे हवे आहेत." जाड लोखंड थंड असेल तर जोडाची उष्णता एकदम शोषून घेतें व जोड कडक पण ठिसूळ होतो. यासाठीं त्यानें ज्योतीनें आजूबाजूचा भाग शेकला. ठराविक उष्णतेला वितळणारा एक खडू असतो. त्याची रेघ ओघळली तेव्हांच त्यानें रॉड हातांत घेतला.

हा रॉड गाडींतील लहान भट्टींतून निघाला होता, हें मीं मुद्दाम पाहून ठेविलें. त्याच्या लेपांत ओल शिरली तर ज्वाळेच्या पांच-सहा हजार अंशांच्या दाहांत त्या पाण्यांतील हायड्रोजन सुटा होऊन तापलेल्या लोखंडांत शिरतो. जोड वरून सुरेख दिसतो, मजुरी मिळते, संधाता घरीं जातो; आणि कधीं कांहीं तासांनीं, कधीं दोन दिवसांनीं तो जोड आंतल्या आंत तडकतो. म्हणून हे रॉड साडेतीनशे अंशांपर्यंत भाजून, गरम पेटींतच जवळ बाळगावे लागतात. हें भाजणें मुकादमाला दिसत नाहीं व बिलांतहि लिहिलें जात नाहीं.

एक थर, मग हातोडीनें वरची खपली पाडणें, ब्रशनें घासणें, पुन्हा थर. असें चार तास चाललें. शेवटीं ग्राइंडरनें वरचा भाग गुळगुळीत करून त्यावर त्यानें जाड कांबळें टाकलें. पाणी मारून लवकर निववावें असें मुकादमानें सुचविलें, तेव्हां मात्र माझा नातू पहिल्यानें जोरानें "नको!" म्हणाला.

एकच औषध सर्व रोगांस चालत नाहीं, हें मला तिसऱ्या दिवशीं कळलें. गिट्टीच्या क्रशरचा जबडा मँगॅनीज-पोलादाचा असतो. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनें १८८२ मध्यें शोधून काढलेलें हें पोलाद मार खातां खातां अधिक कठीण होतें. याला आधीं शेकावयाचें नाहीं. उलट थोडा जोड द्यावयाचा, थांबावयाचें, निवूं द्यावयाचें. फार तापलें कीं हेंच ठिसूळ होतें. हातांतील लोखंड कोणत्या जातीचें आहे तें ओळखणें हा या विद्येचा पहिला पाठ.

पांचव्या दिवशींची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका खासगी ठेकेदाराच्या डंपरच्या चाकाची लोखंडी कड तडकली होती. टायर चाकावरच होता. माणूस म्हणाला, "हवा काढून देतो, तुम्ही वरून मारा." मुलानें टायर उतरविल्यावांचून हात लावणार नाहीं असें सांगितलें. टायर उतरविण्यास अर्धा दिवस जाणार होता. ठेकेदार स्वतः आला, प्रथम गोड बोलला, मग दर वाढवून देऊं केला, आणि अखेरीस "या गाडीला यापुढें आमच्या कामावर बोलावूं नका" असें सर्वांसमक्ष बजावून निघून गेला. आम्ही सामान आवरून परतलों. वाटेंत मुलानें कारण सांगितलें. कड तापली कीं टायरच्या आंतील रबर न जळतांच भाजतें व त्यांतून पेट घेणारी वाफ निघते. ती कोंडलेल्या जागेंत एकदम पेटली तर टायर तोफेसारखा फुटतो. हवा काढल्यानें धोका टळतो असें नाहीं. अशा स्फोटांत देशोदेशीं माणसें मेलीं आहेत. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं तें काम कोणा दुसऱ्यानें टायर न उतरवितांच करून दिलें, आणि कांहीं झालें नाहीं. मुलाचें मात्र एक मोठें गिऱ्हाईक तुटलें, तें आजतागायत तुटलेलेंच आहे.

वाचकहो, येथें बोधकथेंतल्यासारखा न्याय झाला असें मी सांगूं शकत नाहीं. सचोटीचा मनुष्य येथें प्रत्यक्ष तोट्यांत गेला, आणि हाच प्रश्न घेऊन मी घरीं परतलों. पण १९४३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें 'स्केनेक्टडी' नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत उभ्या उभ्या मधोमध दुभंगलें, ही हकीकत मला आठवत होती. पोलादांतील व जोडांतील दोष तोंवर कोणाच्या डोळ्यांस दिसले नव्हते. जो दोष दिसत नाहीं त्याची राखण संधात्याच्या मनाशिवाय दुसरें कोण करणार?

घरांत सर्वांसमोर मीं जें सांगितलें तें असें. लेखणी व रॉड यांत उच्चनीच शोधण्याचें कारण नाहीं. या कामास लागणारी बुद्धि, संयम व शास्त्र मीं माझ्या वर्गांतील पहिल्या बांकावरहि रोज पाहिलें नाहीं. डोळ्यांची भीति मात्र खरी आहे. नुसत्या डोळ्यांनीं ती ज्योत क्षणभर पाहिली तरी रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यागत होतें. मुलगा अकरा नंबरची कांच वापरतो, भोंवतीं ताडपत्री धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचेहि डोळे सांभाळतो. परंतु घामानें भिजलेले हातमोजे तो बदलत नव्हता, व ओल्या हातमोज्यांतून विजेचा झटका बसतो हें त्यालाहि ठाऊक आहे. म्हणून पैसे द्यावे, पण तीन अटींवर: दर वर्षीं डोळ्यांची तपासणी, दोन्ही गाड्यांवरील मदतनिसांसह सर्वांचा अपघाती विमा, आणि कोरड्या हातमोज्यांचे जोड भरपूर. आजोबा कांहीं बोलले नाहींत. आजीनें विम्याचे कागद आधीं दाखवा म्हणून सांगितलें, आणि कागद आल्यावर पैसे दिले.

ताडोब्यास जाल तेव्हां एक दिवस अधिक काढून वर्धेच्या कांठीं अवश्य जा. तेथें रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच्या आडून निळा प्रकाश लखलखतांना दिसला तर त्याकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहूं नका. तो विझेपर्यंत थांबा, आणि संधात्यानें तोंडावरचें आवरण काढलें म्हणजे त्याला पाणी विचारा. त्या उन्हांत त्याचें मोल फार आहे.