काकांचा ताणकाटा

आयटीआय करून मी पेणला एका रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो, तेव्हा मोटर भरता आली की मोटर कळली, अशी माझी समजूत होती. गणपतीच्या आधी मूर्तींच्या कारखान्यांतून कॉम्प्रेसरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. रात्री उशिरापर्यंत काम चाले. दुकान सांभाळणारे काका रोह्याचे. रोज गाडीने येऊन-जाऊन करत.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात लोहचुंबक शिरला होता. चुंबक कधी दमत नाही, मग त्याच्या ओढीवर फुकट वीज का निघू नये? बिनखर्चाचा जनरेटर करून देतो म्हणून मी आतेभावाकडून पैसेही घेतले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

चार पोलांच्या जुन्या डीसी मोटरच्या दोन फील्ड कॉइल काढून तिथे मी भंगारातल्या वायपर मोटरचे फेराइट चुंबक बसवले. मोटर पहिल्यापेक्षा जोरात फिरली. मी हरखलो. काकांनी आधी ब्रशकडे पाहिलं. तिथे निळ्या ठिणग्या उडत होत्या. मग पुलीला दोरी गुंडाळून तिचं टोक ताणकाट्यात अडकवलं. दोरी जराशी आवळली आणि मोटर बसली.

"वेग वाढला रे, पण ओढ कुठाय?"

माझे चुंबक उलटे लागले होते. उरलेल्या कॉइलचं चुंबकत्व ते मारत होते. फील्ड कमजोर झालं की डीसी मोटर रिकामी असताना जास्तच पळते, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

ते रागावले नाहीत. चुंबक उलटवून बसवायला लावले, फील्डला रिऑस्टॅट आणि अमीटर जोडला. ताणकाट्यावर मूळ मोटरइतकी ओढ आली, तेव्हा फील्डचा करंट पहिल्यापेक्षा कमी होता.

"चुंबक वीज देत नाही," काका म्हणाले. "चुंबकत्व उभं करायला कॉइल जी वीज खाते आणि गरम होते, तेवढी तो वाचवतो. पण त्याला कमी हो, जास्त हो म्हणता येत नाही. आमच्या भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालतंय. तिथेही व्होल्ट सांभाळायचे तर रोटरवर कॉइलच हवी."

मग म्हणाले, "पैसे परत देऊन ये. जेवण नंतर." मी गेलो.

पुढे ७५ वॉटच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे दुरुस्तीला येऊ लागले. त्यांच्या रोटरमधले चुंबक पाहून मी बावरलो नाही, ते काकांमुळेच.

बऱ्याच वर्षांनी धाटावच्या एमआयडीसीत एक मोठा जनरेटर उघडला. शाफ्टच्या शेपटाला चुंबकांचा छोटा रोटर होता, पीएमजी. त्याची वीज व्होल्ट सांभाळणाऱ्या एव्हीआरला, तिथून एक्सायटरच्या कॉइलला, आणि मग मुख्य फील्डला. मोठी मोटर सुरू होताना बाहेरचे व्होल्ट पडले तरी एव्हीआरची वीज तुटत नाही. चुंबक आणि कॉइल, दोघंही आपापल्या कामाला.

संध्याकाळी तसाच रोह्याला काकांकडे गेलो. त्यांना आता ऐकू कमी येतं. मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"पीएमजीचे व्होल्ट मोजलेस?"

मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन मी परत धाटावला गेलो.