टपालातून खेळलेला डाव

लंडन आणि व्हिएन्ना येथील बुद्धिबळ मंडळांमध्ये १८७२ ते १८७४ या काळात पत्राद्वारे दोन डाव खेळले गेले. त्यांपैकी एकात पांढरी मोहरी लंडनकडे होती. राजा-वजिरापुढची प्यादी जागच्या जागी ठेवून लंडनने वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. ‘इंग्लिश’ नावाची ही सुरुवात पटाच्या मध्यावर चाल करून जात नाही, बाजूने त्यावर वचक ठेवते. येणे वसूल करायला कुळाच्या दारात न बसता आधी पेठेत त्याची पत विचारावी, तसेच हे.

लंडनच्या गटात विल्हेल्म स्टाइनिट्झ होते. याच स्टाइनिट्झना १८६२ साली व्हिएन्नाने आपला खेळाडू म्हणून लंडनच्या स्पर्धेला पाठवले होते. ते तिकडेच स्थायिक झाले, आणि आता जुन्या गावाविरुद्ध खेळ्या शोधत होते. यात कृतघ्नता पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या पेढीवर माणूस बसतो तिचाच हिशेब तो राखतो.

डाव चालू असतानाच ९ मे १८७३ रोजी व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला. कित्येक बँका बुडाल्या. त्याच उन्हाळ्यात स्टाइनिट्झ व्हिएन्नाला गेले आणि तेथील स्पर्धा जिंकून परतले. टपालातला डाव मात्र आपल्याच गतीने पुढे सरकत राहिला. सही करून दिलेल्या हुंडीप्रमाणे, रवाना झालेली खेळी मागे घेता येत नाही. पाकीट बंद करण्यापूर्वी पट पुन्हा पुन्हा तपासावाच लागतो.

तो डाव लंडनने जिंकला. दुसरा बरोबरीत सुटला.