मुळशीचा पाऊस आणि उतारावरचे पाऊल

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणारा रस्ता आषाढात पाहावा. डावी-उजवीकडे पाणी झेपावत असते, ढग रस्त्यावर उतरलेले असतात. मुळा नदीवरील धरणाचा हा परिसर. याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. ते पाणी आज डोंगरापलीकडे भिऱ्याला जाऊन वीज देते. जलाशयाच्या काठाशी हौसेने थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

कुटुंबासह तेथे दोन दिवस राहावयाचे तर निवास कोणता निवडावा? जाहिरातीत जलाशयाचे दृश्य आधी दाखवितात. आयुष्यभर कर्जाचे तारण तपासल्यामुळे असेल, मी निवासाची मागची बाजू आधी पाहतो. खोल्यांमागे डोंगर उभा कापला आहे काय? पाण्याच्या नैसर्गिक वाटेवर बांधकाम झाले आहे काय? भिंतीला ताजी भेग, कललेली झाडे, अचानक फुटलेला गढूळ झरा दिसला तर कितीही सवलत मिळो, तेथे मुक्काम करू नये. आपल्याच जिल्ह्यातील माळीण 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. सह्याद्रीत खडकावर मातीचा थर असतो. सतत पावसाने तो भिजून जड होतो आणि खडकावरून सुटतो.

दुसरा धोका पाण्याचा. आपण उभे असतो तेथे ऊन असले तरी माथ्यावर ढग कोसळत असू शकतो. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की छायाचित्र राहू द्यावे आणि उंच काठावर यावे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहात एकमेकांना धरून उभे राहिल्याने बळ वाढत नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. शेवाळलेल्या खडकावर तर पाऊल टाकूच नये.

गुलमर्ग किंवा औलीला बर्फावर घसरण्याचा खेळ शिकावयास जाणारी मराठी मुले आता पुष्कळ आहेत. तेथे प्रशिक्षक प्रथम पडावे कसे आणि थांबावे कसे ते शिकवितो, वेगाचे पुढे. मुळशीच्या उतारावर मात्र आपण कोणालाही न विचारता चपला घालून निघतो! पिंप्रीहून भिऱ्याकडे उतरणारी अंधारबनाची वाट घनदाट रानातून जाते. गावातील जाणता वाटाड्या सोबत असल्याशिवाय तिकडे वळू नये. त्याने ओढा ओलांडू नका म्हटले, तर पैसे दिल्याचा हिशेब काढू नये. पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढते, तेही आधी पाहावेत.

जेवणाचे एक. कंदमुळांविना जेवण आणि सूर्यास्तापूर्वी ताट वाढणे, या दोन्ही गोष्टी खोली ठरवितानाच स्वयंपाकघराशी बोलून घ्याव्यात. त्यासाठी दुपारी चारच्या आत घाट सोडून परतावे लागते. संध्याकाळी धुके इतके दाटते की पुढच्या मोटारीचा दिवाही दिसत नाही.