भयाचें नेपथ्य

भयपट आणि विज्ञानपट यांविषयीं सुशिक्षित मंडळींत बोलणें निघालें म्हणजे एक ठराविक निकाल ऐकूं येतो: "पाहावयास फार सुंदर, पण गोष्टींत कांहीं राम नाहीं." इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं; तेव्हां या निकालावर आम्हीं मुकाट्यानें मान डोलवावी, अशी आमच्या समव्यवसायी मित्रांची अपेक्षा असते. उलट वर्गांतील तरुण मंडळी म्हणतात, कीं चित्रपट ही पाहण्याची वस्तु आहे. गोष्ट हवी असेल त्यानें पुस्तक वाचावें. या दोन पक्षांच्या मध्यें बसण्याचा योग आम्हांस वारंवार येतो, आणि दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत असें आम्हांस वाटतें. दृश्य आणि कथा या दोन निराळ्या वस्तु असून एक वाढली कीं दुसरी घटते, असें दोघेही धरून चालतात.

पहिल्या पक्षाचा मूळपुरुष ॲरिस्टॉटल. त्यानें शोकांतिकेचीं सहा अंगें सांगितलीं, त्यांत कथानकास पहिलें स्थान दिलें आणि दृश्यास सर्वांत कमी कलात्मक ठरविलें. भीति आणि करुणा नेपथ्यानेंही उत्पन्न होऊं शकतात, हें त्यास मान्य होतें. परंतु ईडिपसची कथा नुसती ऐकूनही अंगावर कांटा आला पाहिजे, ही त्याची कसोटी. आमच्या भरतमुनींची वाट निराळी. नाट्यशास्त्रांत भयानक रसाचे विभाव सांगतांना त्यांनीं ओसाड घर, अरण्य, कोल्हे आणि घुबडें यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे त्यांच्या लेखीं ओसाड घर हें भयाचें कारणच होय. तें वरून चढविलेली सजावट नाहीं. परंतु नीट पाहिलें तर भरतांच्या यादींत नुसतें घर आलेलें नाहीं. त्या घरांत जाणें आलें आहे. जाणारा कोणी असल्यावांचून रिकामें घर भयाण होत नाहीं. आमच्या मतें सारा वाद या एका क्रियापदापाशीं मिटतो.

‘डॉ. कॅलिगरी’चा १९२० सालचा जर्मन मूकपट घ्या. त्यांतील गल्ल्या वांकड्या, खिडक्या तिरप्या, भिंती कललेल्या. उजेड आणि सावल्यासुद्धां कुंचल्यानें रंगवून काढलेल्या. चित्रकारांची लहर म्हणून हें सोडून देतां आलें असतें. परंतु शेवटीं कळतें, कीं ही हकीकत सांगणारा तरुण स्वतःच वेड्यांच्या इस्पितळांत आहे, आणि गांवाचें वांकडेपण हें त्याच्या दृष्टीचें वांकडेपण होतें. इतका उलगडा झाल्यावर सारें सरळ दिसावें. पण इस्पितळाचें अंगण मात्र त्याच्या हकीकतींत जसें विचित्र रेघांचें होतें तसेंच राहतें. गोष्ट म्हणते, ‘हा वेडा’. दृश्य विचारतें, ‘कशावरून?’ ती शंका घेऊन आपण घरीं येतों. हें काम नुसत्या शब्दांनीं झालें नसतें, आणि कथेवांचूनही झालें नसतें.

फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एच्. जी. वेल्सनें त्याच वर्षीं या चित्रपटावर कडक टीका केली; आणि डोकें व हात यांचा मध्यस्थ हृदयानें व्हावें, हें त्यांतील तात्पर्य आजही शाळेच्या फळ्यावरील सुविचारासारखें वाटतें. बर्लिनमधील पहिल्या प्रयोगानंतर चित्रपटास कात्री लागली होती. गेलेला बराचसा भाग २००८ सालीं ब्यूनॉस आयर्स येथें सांपडला आणि २०१० सालीं जोडून दाखविण्यांत आला. त्यानें पात्रांचे हेतु स्पष्ट झाले. तात्पर्य होतें तेथेंच राहिलें. मग हा चित्रपट जगला कशावर? गगनचुंबी इमारतींच्या देखाव्यावर, असें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तो निराळ्या जागीं जिवंत वाटतो. पाळी बदलते, कामावर जाणारी रांग मान खालीं घालून चालते, आणि कामावरून परतणारी रांग तिच्याहून कितीतरी मंद पावलें टाकते. एक अक्षरही न उच्चारतां, दहा तासांची पाळी माणसाचें काय करते तें आपण पाहतों. पुढें मालकाचा मुलगा यंत्रघरांत उतरतो, यंत्राचा स्फोट होतो, आणि त्या जागीं त्याला माणसें गिळणाऱ्या दैत्याचा जबडा दिसतो. पाहणारा डोळा कोणाचा हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून तें यंत्र भयंकर होतें. शेवटच्या हस्तांदोलनांत असा कोणाचाच डोळा नाहीं. तेथें उपदेश तेवढा उरतो.

कथेचा टेकू चित्रास बाहेरून देतां येत नाहीं, याचा दाखला रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मध्यें मिळतो. १९८२ सालीं प्रेक्षकांस उलगडा व्हावा म्हणून त्यास नायकाच्या आवाजांत निवेदन जोडलें. १९९२ च्या आवृत्तींतून तें काढून टाकलें. त्यामुळें कथा तिळमात्र उणी झाली नाहीं. पावसांत भिजत मरणाऱ्या कृत्रिम मानवाच्या चेहऱ्यावर ती होतीच.

पावसावरून आपल्याकडील ‘तुंबाड’ (२०१८) आठवतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट भाषेनें हिंदी, पण मातीनें मराठी. नारायण धारपांच्या कथेचें ऋणही त्यावर आहे. त्यांतील अखंड पाऊस कित्येकांनीं छायाचित्रणाची करामत म्हणून वाखाणला. परंतु चित्रपटांतील दंतकथेप्रमाणें तो पाऊस म्हणजे हस्तराचें देऊळ बांधल्यामुळें गांवावर झालेला देवांचा कोप आहे. त्या भिजक्या वाड्यांत विनायक पुनः पुन्हां शिरतो तो लोभापायीं. आणि पुढें आपल्या कोवळ्या मुलालाही त्याच वाटेनें नेतो. तेथें पोंचेपर्यंत हस्तराहून बापाचेंच भय आपणांस अधिक वाटूं लागलेलें असतें.

हा विचार आज आम्हांस अगत्याचा वाटतो, कारण चित्रें आतां स्वस्त झालीं आहेत. जो ओसाड वाडा उभारण्यास पूर्वीं सुतार-रंगारी खपत, तो संगणक क्षणांत काढून देतो. आमचे विद्यार्थी असे वाडे दाखवावयास घेऊन येतात, आणि ते खरोखर सुंदर असतात. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों, कीं आंत कोण जाणार, आणि गेल्यावांचून त्याला कां राहवत नाहीं? बहुतेकांपाशीं उत्तर नसतें. एका विद्यार्थिनीनें मात्र आठवड्यानें आपल्या वाड्यांतील झुंबरें आणि कोळिष्टकें काढून टाकलीं, आणि जिन्याच्या तळाशीं, सासूनें दडविलेले आपले दागिने शोधावयास आलेली एक सून उभी केली. वाडा पूर्वींपेक्षां साधा झाला होता. पण त्या जिन्याच्या वरच्या पायरीकडे पाहण्यास आम्हांस धीर करावा लागला.