भाजीपाल्यापुरती जागा

निवृत्त शिक्षकाला दोन मोह फार असतात. एक लोकांना उपदेश करण्याचा आणि दुसरा गावाबाहेर चार गुंठे जागा घेऊन तिथे वांगी लावण्याचा. पहिला मोह मी नोकरीत असतानाच पुरता भागवून घेतला होता. वर्गात मुले होती आणि रविवारच्या शाळेत चर्चमधली मुले होती. ऐकण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हते. दुसरा मोह तेवढा राहून गेला होता. फंडाचे पैसे हाती येताच मी पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या पाण्याजवळ, बिनशेती केलेला एक लहानसा तुकडा घेतला आणि त्यावर दोन खोल्या बांधल्या.

घर पुरे झाले तेव्हा लक्षात आले की सगळी जागा घरानेच खाल्ली आहे. वांग्यांच्या वाट्याला उरला होता तो कातळ! कुंपणापलीकडे मात्र शेजारच्या बाबांची वरकस जमिनीची एक पट्टी पाण्याकडे उतरत गेली होती. खिडकी उघडली की आधी त्यांची नाचणी दिसायची, मग त्यांची जांभूळ आणि मग पाणी. ही पट्टी आपल्याला मिळाली तर किती छान होईल, असे आधी मी म्हणालो की सौ. म्हणाली, ते आता आठवत नाही. लग्नाला चाळीस वर्षे झाली की असल्या इच्छा दोघांच्या मिळून होतात.

मी बाबांना रीतसर विचारले. चालू भावापेक्षा जास्त भाव सांगितला. पैसा नको असेल तर रस्त्याच्या कडेला याहून चांगला तुकडा घेऊन देतो, असेही म्हणालो. बाबांनी काठी उचलून पाण्याच्या मध्यावर रोखली.

"आमचं घर त्या तिथं हुतं, मास्तर. आज्याचं. भाताची खाचरं बी तिथंच. वर राहिली ती एवढीच पट्टी. ती कशी देऊ?"

आवाजात राग नव्हता, पण घासाघीस करायलाही जागा नव्हती. मी घरी आलो, चहा नको म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. सौ.ला वाटले, पित्त झाले असेल.

मुळशीची हकीकत मला माहीत नव्हती असे नाही. मी ती वर्गात शिकवली होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले आणि पन्नासावर गावांवर पाणी येणार असे ठरले. जमिनी कायद्याने घेतल्या जात होत्या, मोबदलाही देऊ केला होता. तरी मावळे म्हणाले, "जान किंवा जमीन!" १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि तिथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. १९२४ पर्यंत झुंज चालली. पुढे धरण पुरे झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याला गेले आणि तिथली वीज मुंबईला. हे सगळे मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले होते. पण त्या गावांतल्याच एका घराची उरलेली पट्टी मला वांग्यांसाठी हवी होती!

आठवड्याने जमिनीचे व्यवहार करणारे एक गृहस्थ आले. त्यांना कुणी सांगितले कोण जाणे! बहुधा मीच कुठेतरी बोललो असेन. त्यांनी मोबाइलवर सातबारा काढून दाखवला. "नावं सामाईक आहेत, सर. पुतण्या भोसरीला असतो, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. आधी त्याचा हिस्सा घेऊ. एकदा तुमचं नाव चढलं की म्हातारा किती दिवस टिकेल? सगळं कायदेशीर आहे. सोमवारी फक्त टोकनचा चेक द्या."

कायदेशीर हा शब्द कानाला किती गोड लागतो! मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. चेकबुक मात्र कपाटातून काढून टेबलावर ठेवले.

आमच्या घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना होते. शास्त्रपाठ ओळीने चालतो. आवडीचा अध्याय निवडायचा नाही, नावडता टाळायचा नाही, असा सौ.च्या आजीपासूनचा दंडक आहे. ही आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लहानाची मोठी झाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांनाही समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. छपाईचे कामही तिथल्या बायकामुलींच्या हातांनी झाले. १९२२ साली बाई वारल्या. म्हणजे पुणे जिल्ह्याच्या एका टोकाला शास्त्राच्या ओळींचे खिळे जुळत होते, तेव्हाच दुसऱ्या टोकाला मुळशीचे शेतकरी तुरुंगात जात होते. आजीची ती जीर्ण प्रत सौ. अजून वापरते. सोप्या मराठीची एकच अडचण असते: अर्थ कळला नाही, असे म्हणून सुटता येत नाही.

त्या रविवारी पहिल्या राजांचा एकविसावा अध्याय आला. वाचायची पाळी सौ.ची होती. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाने तो मागितला. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख किंमत देतो म्हणाला. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे वतनाची जमीन कायमची विकायचीच नसे. राजा घरी आला, जेवला नाही आणि तोंड फिरवून बिछान्यावर पडला.

इथे सौ. थांबली. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बोटाने दोन ओळी मागे गेली आणि म्हणाली, "अहो, राजालासुद्धा ती जागा भाजीपाल्यासाठीच हवी होती?"

मी टेबलावरच्या चेकबुकाकडे पाहिले नाही. तिनेही पाहिले नाही.

रविवारच्या शाळेत हा धडा मी कितीदा तरी घेतला असेल. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहून त्यांवर त्याची मोहोर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून मारले, हे मी आवाज चढवून सांगत असे. आणि दर वेळी, मुलांनो, मी स्वतःला नाबोथाच्या जागी धरत होतो! आपण गरीब, आपण थोडके, मग अहाब आपण कसे असू? शास्त्र रोजच्या जगण्याला लावायचे असे आम्ही चर्चमध्ये फार ऐकतो. पण वचन लावताना आपण ते बहुधा दुसऱ्याच्याच अंगाला लावून बघतो. आपल्या मापाला बसते का, हे पाहतच नाही.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट दिसली. अहाबाने जागा मागितली यात पाप नव्हते. भाव योग्य होता, बोलणे सभ्य होते. माझेही तसेच होते. पाप सुरू झाले ते "नाही" ऐकल्यानंतर. भिंतीकडे तोंड करून पडण्यापासून राजाच्या मोहोरेपर्यंत फार अंतर नसते. मधे फक्त एखादा कायदेशीर कागद असतो.

सोमवारी चेक दिला नाही. त्या गृहस्थांना पुन्हा येऊ नका म्हणून कळवले आणि बाबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. सगळे सांगितले, पुतण्याच्या हिश्श्याचा बेतसुद्धा. बाबा बराच वेळ विळ्याची धार बोटाने चाचपत राहिले.

"ठावं हुतं मला, मास्तर," ते म्हणाले. "पोराचा फोन आला हुता. म्हटलं, बघू मास्तर सोताहून सांगत्यात का."

एवढेच! ते हसले नाहीत, चहा घ्या म्हणाले नाहीत. क्षमा मागितली की ती हातात मिळतेच, असे मला आजवर वाटत आले होते. मी तसाच उठून आलो.

या दिवाळीत सौ.ने चकल्यांचा डबा बाबांकडे नेला. डबा तासाभराने परत आला. त्यात नव्या नाचणीचे पीठ होते. आमची मेथी आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत उगवली आहे आणि वांगी आम्ही पौडच्या बाजारातून आणतो. खिडकी उघडली की ती पट्टी अजून दिसते आणि खोटे कशाला सांगू, हवीशी वाटते. मग संध्याकाळची वाट न पाहता, सकाळीच, मी मनाशी तो अध्याय पुन्हा उघडतो.