घाणेरी उपटताना

मुंबईच्या पोटात एक अख्खं जंगल आहे, हे आपल्या मुलांना पुस्तकातून माहीत असतं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत आहेत. बिबट्याचं घरही हेच. या जंगलासाठी आपल्या हातांनी काही करता येतं, हे मात्र मला तिथे स्वयंसेवक म्हणून गेल्यावरच उमगलं. पावसाळा संपत आला होता. वन विभागाची परवानगी होती, सोबत नववीची पाच मुलं होती आणि पालकांची लेखी संमतीही घेतली होती.

मुलांना वाटलं होतं, रोपं लावायची. हातात आली कुदळ, आणि काम मिळालं घाणेरी काढायचं! घाणेरी म्हणजे टणटणी. छान रंगीत फुलांची, पण पानं चुरगळली की उग्र वास येणारी. ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांनी भारतात आणली. बुलबुल तिची काळी फळं खातात आणि बिया रानभर पसरतात.

एक मुलगी कुदळ खाली ठेवून म्हणाली, "बाई, वर्गात तुम्ही झाडं लावा सांगता. आणि इथे उपटायची?"

प्रश्न खरा होता. उत्तर वनरक्षकदादांनी दिलं, तेही न बोलता. त्यांनी घाणेरीची जाळी बाजूला केली आणि खालची जमीन दाखवली. गवताची काडी नाही, दुसरं रोप नाही. मग म्हणाले, "आता सांग, चितळानं खायचं काय?" मुलीने कुदळ उचलली.

उपटण्यातही शास्त्र आहे. नुसती फांदी छाटली तर झुडूप दुप्पट जोमाने फुटतं. म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं धरायच्या आत हे केलेलं बरं. आधी आत पक्ष्याचं घरटं नाही ना, हे पाहायचं. मोकळ्या जागी स्थानिक गवत येऊ द्यायचं आणि पुढची काही वर्षं उगवणारी घाणेरीची रोपं हाताने काढत राहायचं. एका रविवारचं हे काम नव्हे!

तीन तासांत आमची एका खोलीएवढी जागा मोकळी झाली. हातमोजे असूनही हात खरचटले. "एवढंच झालं?" असं मुलंच म्हणाली. कामाचा आवाका त्यांना आकड्यांनी नाही, दुखणाऱ्या पाठीने शिकवला.

शिक्षकमित्रांनो, पालकांनो, आपल्या जवळच्या वन कार्यालयात एकदा विचारून पाहा. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालूनच न्या. आता आमच्या वर्गात 'झाडे लावा' या विषयावर निबंध असला की मुलं स्वतःच दोन प्रश्न जोडतात : कोणतं झाड? आणि कुठे?